न दुखणारी जखम : कोल्हापुरातलं एक प्रकरण

मे महिन्याच्या शेवटी आण्णा तपासायला आले, तेव्हा त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, सव्वादोन सेंटिमीटर रुंदीची जखम होती. वय ५८, वजन ६८ किलो, मधुमेह ११ वर्षांपासूनचा. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानावर ते दिवाणजी आहेत. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत; ‘आण्णा’ हेही त्यांचं नाव नव्हे.) जखम दीड महिन्याची होती आणि त्या दीड महिन्यात ते रोज त्याच पायावर चालत होते. दुखतच नव्हतं, मग थांबणार कशाला?

सुरुवात चैत्र पौर्णिमेला झाली. सुनेचं अवघड बाळंतपण सुखरूप पार पडलं, म्हणून आण्णांनी ज्योतिबाला अनवाणी चालत जायचा नवस बोलला होता. शहरातून वाडी रत्नागिरीचा डोंगर वीसेक किलोमीटरवर. एप्रिलचं ऊन, तापलेलं डांबर, सासनकाठ्यांची गर्दी, पायाखाली गुलाल. घरी आल्यावर सुनेनं फरशीवर ओला डाग पाहिला आणि तळव्यावर फुटलेला फोड सापडला. आण्णांनी त्यात हळद भरली, वर मोजा चढवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. नंतर घरात कुणी विचारलं की “भरत आलंय” एवढंच उत्तर. मोजे ते स्वतःच धुऊ लागले होते. त्यांच्या पत्नीला, काकूंना, शंका आली ती त्यावरूनच.

दवाखान्यात त्यांचं पहिलं वाक्य होतं, “दुखत तर न्हाई ओ डॉक्टर, उगच आणलंय मला.”

दुखत नाही हेच या आजाराचं मूळ. वर्षानुवर्षं रक्तातली साखर जास्त राहिली की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा एक बारीक तंतू असतो. तो तळव्याला टेकवून ‘कळलं का?’ एवढंच विचारायचं. आण्णांना दहापैकी दोनच ठिकाणी कळलं. निरोगी माणसाच्या पायाला फोड आला की तो नकळत लंगडतो. त्या लंगडण्यानं जखमेवरचा भार उतरतो आणि शरीराला दुरुस्तीची सवड मिळते. आण्णांच्या पायाची ही सोय गेली होती. कातडी भरायला लागायची आणि प्रत्येक पावलाला पुन्हा चिरडली जायची.

बाकीच्या तपासण्यांत काही गोष्टी आमच्या बाजूच्या होत्या. पायाच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, म्हणजे रक्तपुरवठा शाबूत. जखमेत घालून पाहिलेली बारीक सळई हाडापर्यंत जात नव्हती आणि एक्स-रेमध्येही हाड स्वच्छ दिसलं. मूत्रपिंडाचं काम ठीक होतं. पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी १०.६ होतं आणि जखमेभोवती लाली, सूज, जंतुसंसर्ग होता. मेलेली कातडी आणि कडेचं घट्ट घट्टं कापून काढलं, प्रतिजैविकं सुरू केली, रात्रीचं इन्शुलिन लावलं. हे आधी सांगतो, कारण पुढे मन आणि सवयी यांबद्दल बरंच येणार आहे. संसर्ग झालेला, साखर भरलेला पाय मनाच्या बळावर बरा करायला कुणी बसलं असतं, तर बोट गेलं असतं, कदाचित पायही.

सुईलाच पहिला अडसर आला. “इन्शुलिन लागलं म्हंजे संपलंच की” असा आण्णांचा ठाम समज होता. दुकानातल्या एका सहकाऱ्याला सुई लागली आणि वर्षभरात तो गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तो माणूस सुईनं गेला नव्हता, सुई फार उशिरा आली म्हणून गेला होता. हे त्यांना एकदा सांगून पटलं नाही. घरी सकाळी साखर मोजायला सुरुवात केली आणि आकडा उतरताना स्वतः पाहिला, तेव्हा पटलं.

दुसरा अडसर घरातला. नवसात काहीतरी राहून गेलं, म्हणून देवानं जखम दिली, असं काकूंना वाटत होतं. आण्णा बोलत नव्हते, पण त्यांच्याही मनात तेच होतं. देवाच्या कामात मिळालेली जखम दवाखान्यात दाखवायची म्हणजे कुठेतरी श्रद्धा कमी पडल्याची कबुली, असा तो गुंता. जखम लपवण्यामागे खरं कारण हे होतं. त्यावर मी धर्मचर्चा केली नाही. एवढंच म्हणालो, की डांबराचं तापमान आणि बधिर तळवा यांतून हा फोड आला आहे, अशाच पायाचा माणूस दुपारी गच्चीवर अनवाणी फिरला असता तरी आला असता. काकूंचा चेहरा त्या दिवशी सैल झाला. त्यानंतर ड्रेसिंगच्या वेळी त्या स्वतः पुढे येऊन जखम बघू लागल्या.

तिसरा अडसर पुण्याच्या मेहुण्यांकडून फोनवर येत होता. ‘शरीर स्वतःला बरं करतं, मनात आणा, गोळ्या बंद करा’ अशा चित्रफिती. आण्णांनी मे महिन्यात दहा-बारा दिवस गोळ्या सोडून एक कडू काढा घेतलाही होता. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच तो घातक. शरीर स्वतःला बरं करतंच. कापलं की रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग साफ करतात, मग नव्या केशवाहिन्या आणि कोलॅजेन या प्रथिनाचं जाळं उभं राहतं, कडेची कातडी आत सरकते, आणि नंतर कित्येक महिने ते जाळं घट्ट होत राहतं. यातलं काहीही डॉक्टर करत नाही. पण म्हणून साखर २८० असताना त्या पांढऱ्या पेशी नीट काम करतील असं होत नाही. शिवाय अशा सल्ल्यात आणखी एक क्रूरपणा दडलेला असतो: जखम भरली नाही, तर दोष रुग्णाच्या विचारांवर येतो. आधीच नवसाच्या ओझ्याखाली असलेल्या माणसावर हे दुसरं ओझं.

मनाचा आणि जखमेचा संबंध मोजला गेला आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांच्या गटानं १९९५ साली, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. तशीच जखम त्यांच्याच वयाच्या, पण हा भार नसलेल्या १३ स्त्रियांनाही केली. भार नसलेल्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, शुश्रूषा करणाऱ्यांना जवळपास ४९ दिवस लागले. त्याच गटानं पुढे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तसाच प्रयोग केला. उन्हाळी सुट्टीच्या मानानं परीक्षेच्या दिवसांत जखम ४० टक्के सावकाश भरली. ताणात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं, त्यानं सुरुवातीची साफसफाई मंदावते, आणि मधुमेही माणसात साखरही चढते. म्हणजे मनाचा भार खरा आहे. पण त्या शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्याही जखमा शेवटी भरल्याच, आणि रोज हजारो वेळा ६८ किलोंखाली दबणारी जखम कुठल्याही प्रसन्न विचारानं भरल्याचं दिसलेलं नाही. आण्णांच्या बाबतीत मनाकडून मला हवं होतं ते वेगळंच काम: त्यांनी बसून राहायचं.

हे सगळ्यात अवघड गेलं. आण्णा मनानं खंबीर माणूस. तरुणपणी तालमीत घुमलेले, हंगामात रोज दहा-दहा तास दुकानावर उभे. “डोंगुर चढलो की ओ अनवाणी, ह्यो एवढासा फोड काय करणार?” हा त्यांचा युक्तिवाद. काकू बाजूला बसून म्हणायच्या, “ह्येनी कुणाचं ऐकत न्हाईत डॉक्टर. पस्तीस वर्सं मी बघतोय.” हा खंबीरपणाच जखमेचा वैरी झाला होता. पण तो मोडून उपयोग नव्हता, त्याचीच गरज लागणार होती. मी त्यांना म्हटलं, “आण्णा, डोंगर चढायला मन जेवढं घट्ट केलंत, त्याहून जास्त आता खुर्चीत बसायला करावं लागेल. जमेल?” ते हसले. “बसायला काय लागतंय?” पुढच्या भेटीत स्वतःहून म्हणाले, “डॉक्टर, डोंगुर सोपा हुता.”

संसर्ग ओसरल्यावर जूनमध्ये प्लास्टर घातलं. हे हाड मोडल्यावर घालतात तसं जाड कापसाचं नसतं. तळवा, टाच, पोटरी यांना सगळीकडून चिकटून बसतं, त्यामुळे एका बिंदूवरचा भार पूर्ण पायावर पसरतो. रक्तपुरवठा कमी असेल किंवा संसर्ग चालू असेल तर ते घालत नाहीत. या उपचाराच्या इतिहासात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९४६ पासून वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे, असेच बधिर झालेले, पाय बघत होते. कुष्ठरुग्णाचं मांसच वाईट, ते भरत नाही, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी त्या पायांना प्लास्टरमध्ये विश्रांती दिली आणि जखमा इतर कुणाच्याही जखमांसारख्या भरल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हाच धडा मधुमेहाच्या पायाला लावला. ही गोष्ट मी आण्णांना सविस्तर सांगितली. ‘माझ्या मांसातच आता दम न्हाई’ असं ते अधूनमधून म्हणू लागले होते, ते त्यानंतर बंद झालं. आपलं शरीर भरून येण्याच्या लायकीचं आहे, एवढा विश्वास रुग्णाला लागतोच. तो नसेल तर तो पथ्य पाळायचा तरी कशासाठी?

काढता येणारा बूट मागितला होता त्यांनी, तो मी दिला नाही. २००३ साली अमेरिकेत एका अभ्यासात रुग्णांच्या नकळत मोजलं, तेव्हा असा बूट दिलेल्या रुग्णांनी दिवसभराच्या चालण्यापैकी फक्त २८ टक्के चालणं तो घालून केलं होतं. माणसं खोटी नव्हती. घरात चार पावलंच तर टाकायची आहेत, असं प्रत्येकाला वाटतं. पाय दुखत नसताना इच्छाशक्तीवर किती विसंबायचं, याचं उत्तर मला या आकड्यात दिसतं. जिथे मोह टाळता येतो तिथे तो टाळावा, आणि निश्चय त्या गोष्टींसाठी राखून ठेवावा ज्या प्लास्टर करू शकत नाही.

त्या गोष्टी कमी नव्हत्या. आण्णांचा हात हिशेबाचा, म्हणून मी त्यांना कुठलंही ॲप सुचवलं नाही. त्यांनी स्वतःच दुकानातली एक जुनी वही काढली आणि रोजकीर्द घातली: सकाळची साखर, जेवणानंतरची साखर, झोपेचे तास, तंबाखू. जमेच्या बाजूला काय लिहायचं, असं विचारत होते. मी म्हटलं, दर आठवड्याला मोजलेली जखम. ही वही मला कुठल्याही उपदेशापेक्षा उपयोगी पडली. गुळाचं प्रकरण तीतूनच उघड झालं. हंगाम संपला होता तरी दुकानात नमुन्याचे खडे असायचेच. सौद्याच्या दिवसांत तर रंग, कणी, चव बघताना दिवसभरात पंधरा-वीस वेळा खडा तोंडात जायचा आणि हे खाणं ते कधी खाण्यात धरतच नव्हते. “साखर सोडलीय मी दहा वर्सं झाली” हे ते प्रामाणिकपणे सांगत. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्यात बहुतांश सुक्रोजच आहे आणि पोटात गेल्यावर ते साखरेसारखंच वागतं. सेंद्रिय असला तरी.

जेवणात मी फार काही काढून घेतलं नाही, उलट वाढवलं. जखम भरताना शरीराला किलोमागे रोज साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. आण्णांच्या वजनाला ८५ ग्रॅमच्या पुढे. ते जेमतेम निम्म्यावर होते, कारण आजारी माणसाला ‘हलकं’ म्हणून काकू मऊ भात आणि वरणाचं पाणी देत होत्या. मूत्रपिंड चांगलं असल्यानं दोन अंडी, घट्ट डाळ, उसळ, दही, एक वेळ दूध आणि बुधवारचं मटण असं ठरलं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल आण्णांनी अपराध्यासारखं विचारलं. रस्सा बेतानं घ्या पण मटणाचे तुकडे सोडू नका, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा मी आपल्यातला वाटलो असावा. पेरू आणि आवळा, कारण क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेन नीट बनत नाही. आठवड्याला दोन उपवास होते, साबुदाण्यावर. रविवारचा ज्योतिबाचा त्यांनी स्वतःच बदलला: जेवायचं, पण तंबाखूला हात लावायचा नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात हे मी सांगून थकलो होतो. देवाला दिलेल्या शब्दानं रविवार सुटला आणि हळूहळू बाकीचे वारही सुटले.

जखम जूनअखेर निम्म्यावर आली. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मं झालं की पुढे ती भरण्याची शक्यता चांगली असते, म्हणून मी निर्धास्त होतो. जुलैमध्ये ती अडली. सलग तीन मापांत फरक नाही. प्लास्टर ठीक, संसर्ग नाही. रोजकीर्दीत मात्र दिसत होतं: झोप साडेतीन-चार तास, सकाळची साखर पुन्हा १९०च्या घरात, तंबाखू दोनदा. विचारल्यावर बराच वेळ गप्प बसले. धाकट्या भावाशी करवीर तालुक्यातल्या जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं होतं. पायामुळे घरात अडकलेले, त्यामुळे दिवसभर तोच विषय, आणि रात्री नऊनंतर फोनवर वाद. मग पहाटेपर्यंत छताकडे बघत राहणं.

वाटणी मी सोडवू शकत नव्हतो. तिची वेळ तेवढी बदलता आली. थोरल्या मेहुण्यांनी मध्यस्थी घेतली; बोलणं दिवसा, त्यांच्यासमोर, फोनवर नाही. रात्रीच्या जेवणानंतर वाटणीचा विषय घरात कुणी काढायचा नाही, हा नियम काकूंनी इतक्या कडकपणे राबवला की सख्खा दीर दारात आला तरी त्याला चहा देऊन “सकाळी या भाऊजी” म्हणून परत पाठवला. फोन बाहेरच्या खोलीत. झोपण्याआधी दहा मिनिटं सावकाश श्वास, सोडताना लांबवत. आणि गल्लीतल्या मंडळाचं भजन, जे पाय बिघडल्यापासून बंद झालं होतं, ते मंडळानंच घरी आणलं. आण्णा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून टाळ धरायचे. पंधरवड्यात झोप सहा तासांच्या आसपास आली. इन्शुलिनचा डोसही मी त्याच सुमारास वाढवला होता, तंबाखूही पुन्हा थांबली होती, तेव्हा कुणाला किती श्रेय द्यायचं हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. मापं पुन्हा उतरू लागली. बाहेर पाऊस कोसळत होता, प्लास्टर कोरडं ठेवण्यासाठी सुनेनं खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी शोधून काढली होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जखम बंद झाली. एचबीए१सी ७.४.

घरच्यांनी पेढे आणले. पण या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त कडक असतो. नवी कातडी म्हणजे नुकता टाकलेला स्लॅब. दिसायला पूर्ण, पण भार घ्यायला तयार नाही. जखमेच्या जागेची ताकद वाढायला महिने लागतात आणि ती मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. चालणं रोज थोडं थोडं वाढवलं. चपलांवरून मात्र वाद झाला. आण्णांनी जन्मभर कोल्हापुरीच घातली होती, करकर वाजणारी. बधिर पायाला ती चालत नाही: अंगठ्याचा पट्टा घासतो, कडक चामडं टोचतं, आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला करून घेतल्या. “म्हाताऱ्यागत दिसतंय” म्हणाले, आणि घातल्या.

पुढच्या चैत्रात ते ज्योतिबाला गेले, मुलाच्या गाडीतून, पायात त्याच चपला घालून, देवळापुरत्या काढून, जाड मोज्यांवर. अनवाणी चालण्याऐवजी काय करायचं हे त्यांनी गुरवांना विचारून ठरवलं. मी त्यात पडलो नाही.

असा पाय एकदा भरला म्हणजे विषय संपत नाही. जगभरातल्या अभ्यासांनुसार, भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते, पाच वर्षांत ६५ टक्क्यांना. आण्णांनाही झाली असती. डिसेंबरमध्ये हंगाम भरात असताना डाव्या तळव्यावर घट्टं आलं, मधोमध काळसर. काकू रोज रात्री दोन्ही तळवे बॅटरी लावून बघतात, हात फिरवून कुठे गरम लागतंय का पाहतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच आणलं. घट्टं खरवडलं, खाली रक्त साकळलं होतं पण कातडी फुटलेली नव्हती. दहा दिवस बसून काम, टाचेला जोर, आणि ते निभावलं. दुकानाच्या मालकांनी हंगामात त्यांना उंच खुर्ची दिली आहे. सौद्याची चव आता दुसरा माणूस बघतो, आण्णा रंग आणि कणी बघून भाव सांगतात.

वाटणी अजून कोर्टात आहे. पण जानेवारीत आण्णा धाकट्या भावाला घेऊन आले. वय ५१, साखर कधी तपासलेली नाही. उपाशीपोटी २१२ निघाली, आणि नायलॉनच्या तंतूचे दहापैकी चार ठिकाणचे स्पर्श त्यांना कळले नाहीत. कातडी अजून शाबूत आहे. चपला आण्णांनीच मोजून घेतल्या.